जुनी वेगवान गाडी घेताना : थोडी तपासणी, थोडं गणित आणि बरीच कागदपत्रं

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या आणि चार ठिकाणांवर पेनाने टिंब द्या : कुर्ला, रांजणगाव, चाकण आणि औरंगाबादजवळचं (आता छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा. गेल्या पंचवीस वर्षांत मध्यमवर्गीय माणसाला स्वप्न बघता येईल अशा ज्या 'पळणाऱ्या' गाड्या आपल्याकडे आल्या, त्यातल्या बऱ्याच या चार टिंबांतून बाहेर पडल्या. २००१ ची फियाट पालिओ १.६ जीटीएक्स कुर्ल्याची, १०० अश्वशक्ती. जाहिरातीत सचिन, म्हणून घराघरांत माहीत. २००४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस शेंद्र्याची, १.८ लिटर, टर्बो, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह आणि १५० अश्वशक्ती. चाकणची पोलो जीटी टीएसआय २०१३ ची. आणि रांजणगावची अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५ ची : १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक, दिल्लीत एक्स-शोरूम ९ लाख ९५ हजार. नकाशा थोडा खाली सरकवला तर गोवा. तिथे १९९८ पासून 'सॅन स्टॉर्म' नावाची फायबर बॉडीची दोन सीटची गाडी बनायची. दिसायला अस्सल स्पोर्ट्स कार, बॉनेटखाली मात्र रेनॉचं ११४९ सीसीचं ६० अश्वशक्तीचं इंजिन!

आता या गाड्या 'हात फिरवलेल्या' झाल्यात. एखाद्या चांगल्या नव्या मोटरसायकलच्या किमतीत जुनी पालिओ मिळू शकते, हे कळलं की रात्री मेसच्या बाहेर चर्चा सुरू होते. चौघांनी मिळून घेऊ, तू पेट्रोल बघ, मी इन्शुरन्स बघतो वगैरे. या चर्चेत अश्वशक्ती, शून्य ते शंभर, एक्झॉस्टचा आवाज असे सगळे विषय येतात. ब्रेक, सुटे भाग आणि आरसी बुक हे तीन विषय येत नाहीत. म्हणून हा लेख त्यांच्यावर आहे.

आधी एक शंका बाजूला काढू. परदेशात विद्यार्थीसुद्धा जुनी माझदा एमएक्स-५ घेऊन फिरतात, आपल्याकडे का नाही? १९८९ साली आलेली ही छोटी उघडी गाडी जगभर दहा लाखांच्या वर विकली गेली, त्यामुळे तिकडे जुनी स्वस्तात मिळते. पण ती भारतात अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. आणि परदेशातली वापरलेली गाडी आणायची तर सर्वसाधारण नियम असा की ती तीन वर्षांहून जुनी नको, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची हवी, वर भरमसाट ड्यूटी. म्हणजे स्वस्त जुनी स्पोर्ट्स कार आयात करण्याचा रस्ता बंदच. त्यामुळे आपल्याकडे 'स्पोर्ट्स कार' म्हणजे चार दारांची, घरच्या वाटणारी, पण इंजिन जरा जास्तच मोठं असलेली हॅचबॅक किंवा सेदान. याचं वाईट वाटून घेऊ नका. इंडियन नॅशनल रॅली चॅम्पियनशिपमधली 'रॅली ऑफ महाराष्ट्र' नाशिक परिसरात झाली, आणि आपल्या देशातल्या रॅलीत जिप्सी, एस्टीम, सेडिया अशाच घरगुती गाड्या तयार करून पळवल्या गेल्या.

सुटे भाग : गाडीच्या आधी हे शोधा

माझं स्पष्ट मत असं की जुनी वेगवान गाडी बघायला जाण्याआधी तिच्या पाच भागांची चौकशी करावी : क्लच सेट, टायमिंग बेल्ट किट, पुढचे लोअर आर्म, रेडिएटर आणि हेडलाइट. पाचही कुठे मिळतात, नवे की जुने, किती दिवसांत, केवढ्याला. ही माहिती मिळाली नाही तर गाडी बघायला जाऊच नये, कारण एकदा बघितली की मन हातात राहत नाही.

कारण सरळ आहे. फियाट ब्रँडच्या नव्या गाड्यांची विक्री आपल्याकडे २०१९ मध्ये थांबली. पोलो २०२२ मध्ये बंद झाली, पण ती रस्त्यावर भरपूर आहे, त्यामुळे साधी पोलो आणि जीटी यांचे पुष्कळ भाग एकच. ऑक्टाव्हियाचंही तसंच, आरएसचे खास भाग दुर्मीळ, पण दरवाजे, काचा, अंतर्गत सामान साध्या ऑक्टाव्हियाचं चालतं. सॅन स्टॉर्म मात्र मुळात थोड्याच बनल्या. तिची फायबरची बॉडी गंजत नाही हे खरं, पण तिचा बंपर फुटला तर दुसरा कुठल्या दुकानात मिळणार? तो फायबरचं काम करणाऱ्याकडून बनवूनच घ्यावा लागेल. ज्याला हौस आहे आणि हातात कला आहे त्याने जरूर घ्यावी.

नाशिकमध्ये पूर्वी असं काही हवं असलं की अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात चक्कर व्हायची. महापालिकेने २०१७ च्या जानेवारीत तो हटवायला घेतला. जुन्या भागांसाठी मोठा बाजार म्हणजे मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. गंमत बघा, पालिओ जिथे जन्मली तिथेच तिचे अवयव मिळतात. तिथे जाताना जुना भाग सोबत न्यावा. नुसत्या गाडीच्या नावावर आणलेला भाग बसेलच असं नाही. आणि ब्रेकचे भाग, टायर, टायमिंग बेल्ट या तीन गोष्टी भंगारातून कधीही घेऊ नयेत. तिथे काटकसर नाही.

तपासणी

गाडी सकाळी बघायला जा आणि मालकाला आधीच फोनवर सांगा की सुरू करू नका, आम्ही आल्यावरच चावी फिरवू. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर समजायचं की थंड इंजिन सुरू होताना जे दिसतं ते कुणाला तरी दाखवायचं नव्हतं. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत शिरतंय, बहुधा हेड गॅस्केट. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि तिघांत हाच परवडणारा. टर्बो गाडी उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून चालवा आणि पुन्हा दाबा. तेव्हा निळा धूर आला तर टर्बोचे सील किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत.

ऑइल भरायच्या झाकणाच्या आत चहाच्या सायीसारखं काही दिसलं तर पाणी आणि ऑइल एकत्र होतंय का हे तपासायला हवं. (पावसाळ्यात फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही थोडी साय दिसते, लगेच घाबरू नका. कूलंटच्या टाकीत ऑइलचा तवंग आहे का ते बघा.)

कॉम्प्रेशन टेस्ट आपण प्रॅक्टिकलमध्ये करतो आणि जर्नलमध्ये उतरवून विसरतो. ती इथे उपयोगाला येते. चारही सिलिंडरचं प्रेशर जवळपास सारखं हवं. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. वाढलं तर रिंगा झिजल्यात, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. विकणारा माणूस ही टेस्ट करू देत नसेल तर ते एक उत्तरच समजा.

टायमिंग बेल्टबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण हॉस्टेलच्या बजेटचा निकाल इथे लागतो. बऱ्याच मल्टिव्हॉल्व्ह इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, क्रँकशाफ्ट थांबत नाही, आणि पिस्टन जाऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. आवाज एकदाच येतो. त्यानंतर टोचन लावून गाडी गॅरेजला, हेड उतरवणे, व्हॉल्व्ह बदलणे. खर्च कधीकधी गाडीच्या किमतीजवळ जातो. बेल्टचं आयुष्य किलोमीटर आणि वर्षं या दोन्हींत दिलेलं असतं, जे आधी संपेल ते. 'गाडी कमीच फिरलीय हो, घरीच उभी असायची' हे वाक्य म्हणून दिलासा देणारं नाही. उभ्या गाडीचंही रबर म्हातारं होतं. बेल्ट बदलल्याचं बिल दाखवता येत नसेल तर तो बदललेला नाही असं धरून भाव करावा. पंप, टेन्शनर, बेल्ट एकदमच बदलावं.

बॉडीला छोटं लोहचुंबक रुमालात गुंडाळून लावून बघा. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. डिकीतला कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यातले स्पॉट वेल्ड बघा. कारखान्यातले वेल्ड एका ओळीत आणि सारख्या अंतरावर असतात. मीटरवरचं रनिंग किती यावर विश्वास ठेवायचा नसतो. क्लच पॅडलचं रबर, स्टिअरिंगची झीज आणि ड्रायव्हर सीटची उजवी कड यांवर ठेवायचा.

पोलो जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्स आहे. त्यातलं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर मोठा फटका बसतो. ऑक्टाव्हिया आरएसमध्ये इग्निशन कॉइल, टर्बोचे होस आणि सेन्सर बघायचे. या दोन्ही गाड्या स्कॅनर लावल्याशिवाय घेऊ नयेत. आणि मालकाने आदल्या दिवशी फॉल्ट कोड पुसले असतील तर स्कॅनरमधले रेडिनेस मॉनिटर 'अपूर्ण' दाखवतात. हे फार कमी विकणाऱ्यांना माहीत असतं!

ट्रायलसाठी आपला गंगापूर रोड उत्तम आहे, फक्त वेळ निवडा. संध्याकाळी सहा-सातला अशोक स्तंभाकडून जेहान सर्कलकडे रखडत यायचं. या पट्ट्यात वेग मिळत नाही, म्हणूनच रेडिएटरचा फॅन वेळेवर लागतो का, तापमानाचा काटा वर सरकतो का, अर्ध्या क्लचवर गाडी थरथरते का, हे सगळं समजतं. मग आनंदवल्लीवरून सोमेश्वरकडे. स्पीड ब्रेकरवर काचा खाली करून, म्युझिक बंद ठेवून कान द्या : कोरडा 'टक' आवाज म्हणजे लिंक रॉड किंवा बॉल जॉइंट, दबका 'धप' म्हणजे बुश किंवा शॉकअप. ओढण्याची परीक्षा मात्र गंगापूर रोडवर घेऊ नये.

थांबण्याचं गणित

का घेऊ नये ते बघू. रस्ता रुंद झाल्यावर डांबरातच उभी राहिलेली जुनी झाडं आणि त्यांच्यावर आदळून झालेले अपघात हा या रस्त्यावरचा वर्षानुवर्षांचा वाद. झाडं तोडावीत का यावर हॉस्टेलमध्ये दोन तट पडतात, त्यात मी जात नाही. एवढंच म्हणतो की झाड जागेवरून हलत नाही आणि गाडीला थांबायला जागा लागते. ती किती, हे आपणच काढू.

थांबण्याचं अंतर = वेग × प्रतिक्रियेचा वेळ + वेगाचा वर्ग ÷ (२ × घर्षणांक × गुरुत्वत्वरण). प्रतिक्रियेला १ सेकंद धरा. कोरडा रस्ता, चांगले टायर, घर्षणांक ०.७ : ताशी ६० किलोमीटरला १७ + २० म्हणजे ३७ मीटर. ताशी १०० ला २८ + ५६ म्हणजे ८४ मीटर. क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तरी पुरत नाहीत. आता पावसाळा आणि कडक झालेले जुने टायर, घर्षणांक ०.४ धरा : ६० ला ५२ मीटर, १०० ला १२६ मीटर. सूत्रात अश्वशक्ती कुठेही नाही याकडे लक्ष द्या. वस्तुमानही कटून गेलंय. उरतात फक्त वेग, टायर आणि तुमचं लक्ष.

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३१७ म्हणजे २०१७ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी एवढा जुना टायर मी तरी ठेवणार नाही. ब्रेक ऑइलचंही असंच. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, आणि ओल शोषलेल्याचा किमान १५५. कसारा घाट उतरताना ब्रेक तापले, ऑइलला उकळी फुटली की पाइपमध्ये वाफ होते. वाफ दाबली जाते आणि पॅडल जमिनीला टेकतं. गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात ब्रेक ऑइल बदला, पॅड आणि होस बघा, टायर बदला. सायलेन्सर आणि अलॉय व्हीलला पुढचं सेमिस्टर आहेच.

म्हणून बजेटचा माझा हिशोब असा : हातात ३ लाख असतील तर २ लाखांचीच गाडी बघायची. उरलेला १ लाख वरचा खर्च नाही, तो गाडीच्या किमतीचाच भाग आहे. फक्त तो मालकाला द्यायचा नसून पहिल्या तीन महिन्यांत मेकॅनिकला आणि टायरवाल्याला द्यायचा आहे.

गाडी कुणाच्या नावावर?

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण घरच्यांची जमीन-जुमला ज्यात अडकू शकते तो हाच.

'ओपन पेपर' हा शब्द ऐकला असेल. म्हणजे मूळ मालकाने ट्रान्स्फरच्या फॉर्मवर सही करून दिली, पण गाडी कुणाच्या नावावर झालीच नाही. अशी तीन-तीन हातांतून गेलेली गाडी स्वस्तात मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशाच एका प्रकरणात सांगितलं की गाडी कितीही हातांत गेली तरी नोंदणीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. हे विकणाऱ्याने घाबरण्याचं कारण आहे, तसंच आपणही. समजा चौघांनी पैसे काढले आणि गाडी एकाच्या नावावर घेतली. रविवारी धरणावर जायला तिसऱ्याच मित्राने चावी नेली, त्याच्याकडे लायसन्स नाही, आणि अपघात झाला. विमा कंपनीला जखमी माणसाला भरपाई द्यायला लागली तरी ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायाधिकरण देऊ शकतं. आणि विमाच संपलेला असेल तर सगळी रक्कम थेट मालकावर. नावावर गाडी असलेला तो वीस वर्षांचा मुलगा कमावत नाही, म्हणजे धावपळ कुणाची होणार ते सांगायला नको. चौघांत गाडी घ्यायची असेल तर नाव एकाचं, आणि चावी कुणाला द्यायची याचा निर्णयही त्या एकाचाच असला पाहिजे. मैत्रीत वाईटपणा आला तरी चालेल.

कागद पुढीलप्रमाणे. फॉर्म २९ आणि ३० नाव बदलण्यासाठी. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. बोजा उतरल्याशिवाय एक रुपयाही टोकन देऊ नये. घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. चॅसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा, एजंटने सांगितला म्हणून नको. थर्ड पार्टी विमा कायद्याने गाडीबरोबर येतो, पण १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुनी ई-चलनं बाकी आहेत का हे व्यवहाराआधी बघा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. म्हणजे २००४ ची आरएस घ्याल तर तिचं पुन्हा पासिंग झालंय का आणि ते कधीपर्यंत आहे हा पहिला प्रश्न. नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं, त्यासाठी गाडी पेठ रोडच्या आरटीओत दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. फी २०२२ पासून ५ हजार झाली आणि वीस वर्षांवरच्या कारसाठी २०२५ च्या ऑगस्टमध्ये १० हजार. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट बसवलेली आहे ना तेही बघा.

दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. फोटो बघून तोंडाला पाणी सुटतं. पण एनओसी म्हणजे फॉर्म २८ हवा, बारा महिन्यांच्या आत महाराष्ट्राचा नंबर घ्यायला हवा आणि इथला कर वेगळा भरायला हवा. हे सगळं मिळवून भाव काढला की एमएच-१५ ची गाडी बहुधा स्वस्तच पडते.

आणि मॉडिफिकेशन. मोटर वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हेच ठामपणे सांगितलं. गाडी आधीच कुणीतरी रिमॅप केलेली, मोठा टर्बो लावलेली असेल तर वीस अश्वशक्ती जास्त मिळतायत म्हणून खुश होऊ नका. नूतनीकरणाच्या वेळी मूळ भाग शोधत तुम्हालाच फिरावं लागेल.

घेतल्यावर

मग घ्यावी की नाही? वेगच हवा असेल तर नको. आजची साधी एक लिटरची टर्बो हॅचबॅकही १०० अश्वशक्ती देते, वर एअरबॅग आणि एबीएस. जुनी गाडी घ्यायची ती तिच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो म्हणून, आणि बॉनेट उघडल्यावर आपल्या अभ्यासक्रमातली निम्मी पुस्तकं समोर दिसतात म्हणून. आय. सी. इंजिन्समध्ये ज्यांची केटी लागलीय त्यांनी एकदा पालिओचा थ्रॉटल बॉडी उघडून साफ करावा, विषय निघतो.

पेट्रोलबद्दल एक सूचना. फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि नंतर ते सगळीकडे पसरलं. या लेखातल्या गाड्या त्याच्या आधीच्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असं म्हटलं होतं. मायलेजपेक्षा रबराकडे लक्ष द्या : पेट्रोलचे जुने पाइप, सील आणि गॅस्केट. दर महिन्याला पाइपावरून बोट फिरवून वास घ्यायचा; ओल किंवा भेग दिसली की त्याच दिवशी बदलायचा. गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नका.

परीक्षेनंतर गावाला जाताना हॉस्टेलच्या आवारात गाडी महिनाभर उभी राहते. तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा, नाहीतर पावसाळ्यात मागचे ब्रेक ड्रमला चिकटतात. आत वेफर्सची पाकिटं ठेवू नका. आणि परत आल्यावर आधी बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते बघा, मगच चावी फिरवा.